पिंपळ पाठ होत नाही

रोज एक रेखाटन करायचं म्हटलं की लोकांना वाटतं, अडचण वेळेची असणार. वेळ निघतो. वीस मिनिटं पुरतात आणि तेवढी कुणाकडेही असतात. पेपर वाचण्यात त्याहून जास्त जातात. कंटाळ्याचंही फार मनावर घेऊ नये, तो येतो आणि जातो. खरी पंचाईत तीन-चार महिन्यांनी होते, हात बसल्यावर.

हात बसला की समोरचं झाड एका दमात कागदावर उतरतं. बुंध्याच्या दोन रेघा, वर बेचकी, बेचकीवर पानांची गिचमिड, खाली तिरकी सावली. मागे उभं राहून बघणारा म्हणतो, "काय सफाई आहे हो!" सफाई असतेच. पण हाताने कालच्या चित्राची नक्कल मारलेली असते आणि डोळे नुसते बसून राहिलेले असतात. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्मरणचित्राच्या पेपरला विषय बाजाराचा येवो, जत्रेचा येवो की बसथांब्याचा, घरून पाठ करून नेलेली चार पात्रं जागा बदलून उभी करायची. एक पिशवीवाला, एक टोपलीवाली, एक छत्री धरलेला आणि कोपरा भरायला एक कुत्रं. मार्क पडायचे. त्या मार्कांनी आमच्या पिढीच्या कित्येक हातांचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

या पाठांतरावर मला सापडलेला उतारा एकच, आणि त्यात माझी कर्तबगारी काही नाही. मी वाईला राहते. कामावर जाण्याआधी कृष्णेच्या घाटावर बसते आणि बहुतेक रोज तेच ते काढते. पाराचा पिंपळ, त्याच्याखालच्या पायऱ्या, पाणी, पलीकडचा काठ आणि दिसलाच तर मागचा पांडवगड. हे सगळं हाताला पाठ होत आलं की ऋतू ते बदलून टाकतो, आणि मला पुन्हा पाहायला बसावं लागतं.

ऋतू बदलल्याची पहिली खबर मात्र झाड देत नाही, कागद देतो. आषाढात वहीचं पान हाताला गार आणि मऊ लागतं. हवेतलं पाणी पिऊन त्याचे तंतू फुगलेले असतात. त्यावर फोर-बी पेन्सिल टेकवली की ती रेघ ओढण्याऐवजी खाच पाडते. खोडरबर चालवलं तर लव निघते आणि त्या जागी पुढची रेघ काळीकुट्ट बसते. शाईचं तर नावच नको, रेघेच्या दोन्ही बाजूंनी ती पाय फोडते. जलरंगाचा हात दिला तर तो कामावर जायची वेळ झाली तरी ओलाच. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं, पानांवरून कोमट इस्त्री फिरवणं, सगळं करून झालं. मग तो नाद सोडला. ओल्या कागदावर खोडायचं नाही आणि पेन्सिल दाबायची नाही, एवढं पाळलं की पावसाळ्यातली चित्रं आपोआप फिकी आणि कमी रेघांची होतात. आषाढातली वाई तशीच असते, त्यामुळे तक्रारीला जागा उरत नाही.

पाऊस काढायचा म्हणजे तिरक्या रेघा ओढायच्या, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. पसरणी घाटाकडून सर येते तेव्हा मला एकही रेघ दिसत नाही. आधी पांडवगड जातो. मग त्याच्या अलीकडचे डोंगर. मग पलीकडच्या काठावरची झाडं करडी आणि सपाट होतात, आणि शेवटी पाणी कुठे संपतं नि काठ कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. पाऊस काढायचा तर एकेक वस्तू चित्रातून काढून घ्यावी लागते. बसलेल्या हाताला हे मुळीच आवडत नाही, त्याला काहीतरी करायचं असतं.

पायऱ्यांचंही तसंच. आपला दगड काळा, असं सगळेच म्हणतात, आणि हात त्यांना इमानाने काळं करत सुटतो. कोरड्या दिवसांत हा दगड खरं तर राखाडी, वैशाखात चक्क पांढुरका. भिजला की काळा होतो, पण सगळा नाही. पायरीची उभी बाजू काळी होते आणि आडवी, पाय ठेवायची बाजू, आभाळ पकडून चकाकते. ढगाळ सकाळी खालच्या पायरीवर बसून वर बघितलं तर नुसत्या काळ्या पट्ट्या दिसतात; वरून खाली बघितलं तर नुसत्या पांढऱ्या. एकच घाट, एकच पाऊस, आणि बसायची जागा बदलली की उजेडाचा सगळा हिशेब उलटा. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. देवळाच्या ओवरीत पाऊस थांबायची वाट बघत बसल्यामुळे मिळालं.

इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल नावाचा निसर्गचित्रकार होऊन गेला. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला राहून त्याने ढगांचे अभ्यास केले, पुष्कळदा तर खाली जमिनीची पट्टीसुद्धा न दाखवता नुसतं आभाळ. त्यातल्या अनेकांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आहे. माझ्या समजुतीने ही टिपणं म्हणजे हाताला घातलेली वेसण होती. आजच्या वाऱ्यातला ढग असं एकदा लिहिलं की हाताला कालचा ढग काढायची चोरी. मी पानाच्या कोपऱ्यात नक्षत्र लिहिते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. आमच्याकडचे शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा, आणि वह्या चाळल्या तर त्या म्हणण्यात तथ्य दिसतं. तरण्या पावसाच्या पानांवर जेमतेम अलीकडचा काठ आहे. म्हाताऱ्याच्या पानांवर मधूनमधून गड डोकावतो.

धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या जातात आणि मला वर सरकावं लागतं. त्या दिवसांत मी ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत काढते. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं तेव्हा मागची बाजू माशासारखी निमुळती ठेवली, पुराचं पाणी आपटून न बसता दुभंगून जावं म्हणून. उन्हाळ्यात ही भिंत काढायला गेलं की ती कागदावर विचित्र दिसते, अशी कशाला बांधली असेल असं वाटत राहतं. गढूळ पाणी तिच्या टोकाला भिडून दोन्ही अंगांनी वळायला लागलं की मग भिंतीची रेघ आणि पाण्याची रेघ एकाच झोकात येतात. तेव्हा कुठे ती भिंत नीट काढता येते.

मला विचाराल तर घाटाचे सगळ्यात देखणे दिवस भाद्रपदाच्या शेवटी येतात. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं असतं आणि गावातल्या, आसपासच्या वाड्यांवरच्या बायका गोधड्यांचे ढीग घेऊन नदीवर उतरतात. भिजलेली गोधडी एकटीने उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरतात, उलट्या दिशांना पीळ देतात, आणि पिळाच्या मधोमध पाणी गोळा होऊन धार लागते. त्या वेळी त्यांची टाच, कंबर आणि मनगट एका रेषेत येतं. ती रेषा क्षणभरच टिकते, पण वर्षभरात हाताला मिळणारं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

पिळून झालेल्या गोधड्या पायऱ्यांवर पसरतात. गोधडीला टाक्यांच्या समांतर रांगा असतात. सपाट जमिनीवर त्या सरळ दिसतात. पायऱ्यांवर पसरली की प्रत्येक कडेवर ती रांग मोडते, उभ्या बाजूवरून खाली उतरते, पुन्हा आडवी होते. दगडाला हात न लावता, नुसत्या टाक्यांच्या रांगा काढल्या तरी अख्खा घाट उभा राहतो. सावलीची गरज नाही. एकदा मी अशीच एक विरलेली, ठिगळांची गोधडी काढत होते. तिची मालकीण माझ्यामागे येऊन उभी राहिली. "अवो ताई, फाटकीच बरी घावली तुमास्नी? नव्या चार हायेत की शेजारी!" मी म्हटलं, हिच्यावर टाके जास्त आहेत. तिला ते पटलं. "आईच्या हातचे हायेत," म्हणाली, आणि उन्हात उलटी करायला आलेली ती गोधडी माझं होईपर्यंत तशीच राहू दिली.

हिवाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईचे चित्रकार गाड्या भरून येतात. घाटावर आणि मेणवलीला ईझल मांडतात. मऊ ऊन, लांब सावल्या, कोरडा करकरीत कागद, सगळं हाताशी. त्यांची चित्रं चांगली असतात, पण दालनांमध्ये भिंतीवर दिसणारी वाई कायम डिसेंबरातली असते, जणू इथे दुसरा महिना उगवतच नाही. माझी अडचण निराळी. कार्तिकापासून पौषापर्यंत पिंपळ काही म्हणता काही बदलत नाही आणि हात लगेच सोकावतो. अशा वेळी मी पेन्सिल ठेवून देते आणि बोरू घेते. बोरूचं टोक दर दोन बोटांवर शाई संपवतं, मनासारखं वळत नाही, मधेच फराटा मारतं. हाताला त्रास होतो आणि डोळे जागे राहतात.

मग माघ सरता सरता पानं पिवळी पडू लागतात. नेमका तेव्हाच कृष्णाबाईचा उत्सव असतो; साती घाटांवर एकामागून एक मांडव पडतात, गर्दी, प्रसाद, भजनं, आणि पिंपळाच्या निम्म्या उंचीपर्यंत कापडी कनाती. पिंपळाचा सांगाडा वर्षातून एकदाच, फार तर आठवडाभर, उघडा पडतो. त्यातले बरेच दिवस मला बुंधा न दिसता काढावे लागतात. पण वरच्या फांद्या तरी दिसतात. पानांच्या गिचमिडीत जी फांदी मी अख्खा पावसाळा डावीकडून निघालेली समजून काढत असते ती मागून येऊन वळसा घालते, हे तेव्हा कळतं. आणि कळून हातात घोळेपर्यंत तांबूस पालवी फुटते. पिंपळाची कोवळी पानं उभी राहत नाहीत, देठापासून सरळ खाली लोंबतात. तीच पानं जून झाली की लांब देठावर झुलायला लागतात आणि वाऱ्याची झुळूक नसतानाही हलत राहतात. चैत्रातला पिंपळ उभ्या रेघांनी काढावा लागतो, श्रावणातला कुठल्याच एका दिशेच्या रेघांनी काढता येत नाही.

वैशाखाबद्दल एवढंच, की रंगाचा हात कागदभर फिरायच्या आत वाळतो आणि त्याच्या कडा कडक उमटतात, आणि नवानंतर उजेड इतका सपाट होतो की घरी गेलेलं बरं. पोरं पाण्यात उड्या मारत असतात. "काकू, माझं काढा ना," म्हणतात आणि काढायला घेतलं की पुन्हा पाण्यात.

इतकं झाल्यावर एक नवा धोका निर्माण झाला. हाताला झाड पाठ होईना, पण ऋतू पाठ व्हायला लागले. वैशाख म्हणजे पांढुरक्या पायऱ्या, ज्येष्ठ म्हणजे ढगांची जमवाजमव, अशी ठरलेली यादी. २०२५ साली ती कामाला आली नाही. मोसमी पाऊस मुंबईत एरवी ११ जूनच्या सुमाराला पोचतो, तो त्या वर्षी २६ मेलाच दाखल झाला. कोपऱ्यात लिहायला नक्षत्र रोहिणी आणि समोरचा पाऊस आर्द्रेचा. वैशाख अजून संपला नव्हता आणि गुलमोहर ऐन भरात होता. त्याच्या पाकळ्यांचा लगदा भिजलेल्या काळ्या पायऱ्यांवर पसरलेला, आणि वहीतला कागद अजून कडकडीत कोरडा. असा कागद आणि असा घाट एकत्र मला कधी मिळाले नव्हते. पेन्सिल हवी तेवढी दाबता येत होती, खोडता येत होतं, आणि चित्र पावसाचं होतं.

त्यानंतर पिंपळाची पाण्याकडची एक जाडजूड फांदी तारांना लागते म्हणून छाटली. पाराची ती बाजू एकदम उघडी पडली. श्रावणात छाटलेल्या खुंटाच्या कडेने फुटवा आला, तांबूस, चैत्रातल्यासारखा लोंबता, आणि भोवती जून हिरवी पानं नेहमीसारखी हलत होती. पेन्सिलीत रंग नसतो. तांबूस आणि हिरवं दोन्ही करडंच. फरक दाखवायचा तर फुटव्याची रेघ हलकी आणि उभी हवी, आणि फोर-बीने ती कितीही सांभाळून काढली तरी जून दिसते. त्याला टू-एच लागेल. दुकानदार म्हणाला, इथे कुणी मागत नाही, साताऱ्याहून येताना आणतो.