किताबीचा अर्थ लावायचा कोणी?

आमच्या राजुरात जमिनीखाली कोळसा आणि वर चुनाभट्ट्या. वणी तालुक्यातलं हे गाव पोटासाठी आलेल्यांनी भरलं. बौद्ध वस्तीतल्या पोराले मुसलमान दोस्त नाही, असं इथं होत नाही. तरी चहाच्या टपरीवर कोणी विचारतो, ‘तुमी मनुस्मृती जाळली, मंग कुराणावर काहून बोलत नाही बे?’ तेव्हा आपले काही चूप बसतात. काही जण हिंदुत्ववाल्यांचं पत्रक पाठ म्हणून दाखवतात. मला दोन्ही मंजूर नाही.

हा वाद मुसलमानांत हजार वर्षांहून जुना आहे. श्रद्धावान मानतात, कुराण ही अल्लाची वाणी, सुमारे तेवीस वर्षांत पैगंबरांवर उतरली. तिसरे खलिफा उस्मान यांनी इ.स. 650 च्या सुमारास एक प्रमाण प्रत ठरवली आणि बाकीच्या नष्ट करवल्या, हे मुस्लिम परंपराच सांगते. मुतझिला विचारवंत म्हणत, कुराण अल्लानं निर्माण केलं, ते अनादी नाही. खलिफा मामूननं 833 मध्ये हे मत सक्तीनं लादलं. अहमद इब्न हनबल यांनी नकार दिला. त्यांना कैद झाली, पुढं फटके बसले. बुद्धिवाद्यांचं मतही चाबकानं लादलं गेलं, हे ध्यानात ठेवा.

1972 मध्ये येमेनात सना इथल्या मशिदीत जुनी पानं सापडली. त्यातल्या एका प्रतीत पुसलेल्या मजकुराचे शब्द आजच्या पाठाहून काही ठिकाणी वेगळे निघाले. म्हणजे किताबीलाही इतिहास आहे.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन माणसं दोन बाजूंनी भिडली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई किताबीचं ईश्वरी मूळच मानत नव्हते. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. असगर अली इंजिनिअर बोहरा सुधारक. ते कुराण मानूनच त्यातलं त्या काळापुरतं काय आणि कायमचं मूल्य काय, हे वेगळं करत.

अर्थानं काय फरक पडतो? चौथ्या सुऱ्याची 34 वी आयत घ्या. बहुतेक भाषांतरांत नवऱ्याला बायकोवर हात उचलायची मुभा दिसते. लाले बख्तियार या बाईनं 2007 च्या भाषांतरात तोच शब्द ‘दूर व्हा’ असा लावला. एका शब्दावर बाईची पाठ अवलंबून आहे.

आमच्या गल्लीतल्या चाचीले नवऱ्यानं तीन शब्दांत रस्त्यावर आणलं. तिले सनाची पानं ठाऊक नाहीत. ती म्हणे, ‘किताब उपर से आयी रे बाबा, पर मेरे बच्चे तो यहींच है ना?’

माझ्या लेखी खरा सवाल हाच. 1985 मध्ये शाहबानोच्या निकालात सुप्रीम कोर्टानं आयतींचा आधार घेतला, तर बोर्डवाले उसळले : अर्थ लावणारे तुम्ही कोण? 1986 मध्ये सरकारनं नवा कायदा केला. त्या सगळ्या गलक्यात चाचीसारखीले कोणी विचारलं काय?

25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली ती जिचे वळ आपल्याच पाठीवर होते म्हणून. दुसऱ्याच्या वस्तीत शिरून त्याची किताब जाळणं म्हणजे दंगल. तिले महाडचं नाव देऊ नका.

आणि बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथालाही सोडलं नाही. 1957 मध्ये निघालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, चार आर्यसत्यं मूळची की भिक्खूंनी मागाहून घातलेली? हा सवाल ज्याले पचला, त्यानंच शेजाऱ्याच्या किताबीवर बोलावं.

एका दमातला तोंडी तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टानं 22 ऑगस्ट 2017 ला रद्द केला, तीन विरुद्ध दोन मतांनी. सात बायांच्या मोर्चाला तेव्हा 51 वर्षं झाली होती. पुढच्या वेळी कोणी चाची उभी राहिली, तर अर्थ तिले लावू द्या. आपण तिच्या बाजूले उभं राहू. जयभीम.