नळाजवळचा नंबर

मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना तो फळा आठवत असेल. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन उभा राहायचा, बोलणाऱ्यांची नावं लिहायचा आणि पुन्हा बोललं की नावापुढे फुली मारायचा. ठाण्यात मानपाड्याला दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या एका बाईंनी नोकरीच्या सुरुवातीला हीच पद्धत उचलली होती. तेव्हाची शाळा वेगळी, गावही वेगळं. एकदा एका मुलाच्या नावापुढे पाच फुल्या दिसल्या, तेव्हा बाईंनी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. चार दिवसांनी त्याची आई आली. ‘‘बाई, ह्याचं खोडरबर दर दोन दिवसांनी हरवतं कसं हो?’’

ते हरवत नव्हतं. फळ्यावरचं नाव पुसून घ्यायचा भाव एक खोडरबर असा होता आणि त्या दिवशी पोराकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

नव्या शिक्षिकांना बाई हा प्रसंग आवर्जून सांगतात. मॉनिटरला त्या दोष देत नाहीत. वर्ग सांभाळायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं. वर्ग शांत बसायचा, पण त्या शांततेत एक मूल लाच घ्यायला शिकत होतं आणि बाकीची द्यायला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७व्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली. छडी, अंगठे धरणं, कोंबडा करणं कायद्याने संपलं. मनातून ते इतक्या लवकर जात नाही. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातलं छडीचं गाणं आजही घराघरात पाठ आहे, आणि पालकसभेत एखादे वडील अगदी प्रेमाने म्हणतात, ‘‘बाई, दोन फटके द्या, आमची काही हरकत नाही.’’ काय करायचं नाही ते कायद्याने सांगितलं. सोमवारी सकाळी तीसेक मुलांसमोर काय करायचं, ते मात्र शिक्षकालाच शोधावं लागतं.

बाईंना त्याची वाट आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात दिसली. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पालघर जिल्हा २०१४मध्ये वेगळा झाला, तोवर हा सगळा भाग ठाण्यातच होता. त्या केंद्रात अंघोळ न करता आलेल्या मुलाला कुणी घरी पाठवत नसे. हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं हाच शाळेचा पहिला पाठ असे. वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा गैरहजेरीची शिक्षा न करता या दोघींनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मुलांकडून जे हवं, ते आधी त्यांच्या हाताला शिकवायचं, ही रीत बाईंनी तिथून घेतली.

गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ही त्यांच्या कपाटात आहे. त्यातला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. फसलेला दिवसही गिजुभाईंनी लिहून ठेवला, याचा बाईंना मोठा आधार वाटतो.

त्यांच्या लक्षात आलं, की दंगा दिवसभर नसतो. परिपाठ संपवून मुलं वर्गात येतात तेव्हा, खिचडीच्या आधी हात धुताना आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तो उसळतो. म्हणजे मुलांच्या हाताला काम नसतं तेव्हा. ‘नीट वागा’ म्हटल्यावर सात वर्षांच्या मुलाने नेमकं काय करायचं? ‘चपला दाराबाहेर, टाचा भिंतीकडे’ हे त्याला करता येतं. म्हणून जूनचे पहिले पंधरा दिवस बाई बाराखडीइतक्याच गांभीर्याने चपला लावणं, दप्तर ठेवणं, नळाजवळ नंबर लावणं शिकवतात. चुकलं की पुन्हा, न रागावता.

‘‘बाई, हा मला चिडवतो’’ ही तक्रार दिवसातून वीसदा येते. मग दोघं समोरासमोर उभे राहतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकलेलं तसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मग उलट. निम्मी भांडणं त्या म्हणून दाखवण्यातच विरतात. सगळं असं सुटत नाही. यंदा एक मुलगा चिडला की चावतो. त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. बाई रोज त्याच्या शेजारी बसून डबा खातात.

परवा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी तातडीने बोलावलं. हात खडूने माखलेले, म्हणून बाई घाईघाईने थेट नळाशी गेल्या. रांगेतून एका मुलीचा आवाज आला, ‘‘बाई, नंबर लावा ना.’’

पुढच्या मुलांनी श्वास रोखला. बाई वळल्या, रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे अकरा मुलं होती.