अळी थांबली पाहिजे

"सर, थे अळी जराशी थांबवता येईन का? पोराईले नीट दिसतच नाही."

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचा हा फोन २००६ सालचा. मी तेव्हा यवतमाळात शाळांसाठी सीडी बनवत होतो. बोंडअळीच्या जीवनक्रमाचं हलतं चित्र मी त्यांना दिलं होतं: अंडी, अळी, कोष, पतंग आणि पुन्हा अंडी. कापसाच्या जिल्ह्यातली पोरं ती. अळी त्यांनी बोंडात शंभरदा पाहिलेली; कोष मात्र मातीत असतो, तो कुणी पाहिलेला नव्हता. आणि नेमका तोच क्षणात निघून जायचा.

ते चित्र जिफ होतं. जिफ फिरत राहतं. त्याला बटण नाही, आवाज नाही, मधेच थांबवायची सोय नाही. फ्लॅश या हलती चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं. शिवाय फ्लॅशचा धडा प्लेअरसकट एका एक्झी फाइलीत बांधता यायचा. इंटरनेट नाही, भारनियमनातून वीज मिळाली तर दोन-तीन तास. अशा शाळेत सीडी टाकली की धडा सुरू, याचं मोल फार होतं. त्या फोनपासून पुढची कितीतरी वर्षं मी जिफचं एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची फाइल, करत राहिलो.

हे काम करून देणारी आयती सॉफ्टवेअर होती. एक बटण दाबलं की फाइल तयार. पण त्यातून निघालेली अळी कधी धावायची, कधी रखडायची. कारण दोन्हीकडे वेळ मोजायची रीतच वेगळी. जिफ कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणलं. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत प्रत्येक चित्राला स्वतःचा मुक्काम देता येऊ लागला, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागांत. फ्लॅशमध्ये मात्र अख्ख्या फाइलीला एकच ठेका. समजा अंडं ६० भाग थांबतं, अळीची दोन चित्रं २०-२० आणि कोष १००. मग शाळेतला मसावि काढायचा: २०. म्हणजे सेकंदाला ५ चौकटी. अंड्याला ३ चौकटी, अळीला एकेक, कोषाला ५. मी हे वहीत मांडून करायचो आणि कोषाच्या चौकटीवर थांबण्याची आज्ञा लिहायचो. गुरुजींनी 'पुढे' दाबेपर्यंत कोष पडद्यावरून हलायचा नाही.

काही जिफमध्ये मुक्काम शून्य लिहिलेला असतो. ब्राउझर अशा शून्याला सेकंदाचा दहावा भाग धरतात. सॉफ्टवेअरने शून्य हे शून्यच मानलं की चित्र उधळलंच. फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा माणसांनी पडद्यावर काय पाहिलंय ते जपायचं, हा नियम मी तिथून धरला.

दुसरी अडचण ठिगळांची. जागा वाचावी म्हणून जिफ बनवणारे बरेचदा पुढचं चित्र पूर्ण देत नाहीत, बदललेला तुकडा तेवढा देतात. जुना तुकडा ठेवायचा की पुसायचा, याची खूण सोबत असते. ती खूण वाचली नाही तर पतंगाच्या पंखाखाली अळीची शेपटी उरते. म्हणून प्रत्येक चौकट आधी पूर्ण रचून घ्यायची आणि मगच फ्लॅशमध्ये न्यायची. चित्राच्या रेषा आपोआप काढून देणारी सोयही फ्लॅशमध्ये होती. मी ती या कामाला कधीच वापरली नाही, कारण तिच्यातून बाहेर पडलेली अळी वितळलेल्या मेणासारखी दिसते.

मराठीने मात्र सगळ्यांत जास्त घाम काढला. नवं टेक्स्ट इंजिन २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० मध्ये आलं. त्याआधी फाइलीत बसवलेल्या युनिकोड फॉन्टमध्ये जोडाक्षरं जुळायची नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसायची. म्हणून आम्ही श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप करून तो फोडायचो, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करायचो. वर्गात तो सुबक दिसायचा. पण त्या फाइलींत 'कोष' हा शब्द शोधू गेलात तर सापडणार नाही. तिथे अक्षरं नाहीत, वळणं आहेत. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, तरी त्याची किंमत आता कळते.

फ्लॅशच्या मालक ॲडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याचं जाहीर केलं. ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधल्या प्लेअरनेच धडे दाखवायला नकार दिला. सुदैवाने रफल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते एसडब्ल्यूएफ फाइल फ्लॅशशिवाय उघडतं, संगणकावर इंटरनेटविना चालतं आणि आमच्यासारखे साधे धडे त्यात बहुतेक जसेच्या तसे दिसतात. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच आधारे जुनी फ्लॅश कामं जपायला घेतली. पण तिथे जे पोचलं तेच जपलं जाणार. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा इकडच्या शाळांसाठी सीडीवर गेलेले मराठी धडे कधी वेबवर नव्हतेच. ते जिथे असतील तिथे कपाटात आहेत, आणि खराब झालेल्या, बुरशी धरलेल्या सीडीवरून बरेचदा काहीच निघत नाही.

शिक्षक मित्रांनो, या सुट्टीत शाळेचं कपाट एकदा उघडा. सीडीवर एसडब्ल्यूएफ किंवा एक्झी फाइली दिसल्या तर त्या आधी पेनड्राइव्हवर घ्या. कुठल्या वर्गाचा, कुठल्या विषयाचा धडा आहे ते फाइलीच्या नावात मराठीत लिहा, कारण आतलं मराठी संगणकाला वाचता येत नाही. मग ती सीडी खुशाल भंगारात द्या.