नावाची नोंद

इंदापूरच्या एका कन्येचा विवाह मुंबईस ठरला होता. तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत तेथील धर्मग्रामाला सायंकाळपर्यंत ईमेलने हवी होती. बारामतीच्या आमच्या कार्यालयातील संगणकावर 'डेबियन' ही मुक्त प्रणाली चालते. यूएसबीचे जुने नेटवर्क अडॅप्टर निकामी झाले, म्हणून चालू संगणकालाच आम्ही नवे जोडले. दिवा लागला, पण जोडणी होईना. तीनदा काढले, तीनदा लावले, शेवटी संतापलो.

तोच त्या कन्येचा फोन आला. हकिगत ऐकून ती म्हणाली, "फादर, रूट होऊन 'डीमेसेग' आज्ञा द्या. यंत्राने काय नोंदवले आहे ते वाचा."

नोंदीत सारे होते. अडॅप्टर ओळखले गेले होते, ड्रायव्हरही मिळाला होता. नाव मात्र नवे होते. डेबियनमध्ये अशा अडॅप्टरचे नाव 'ईएनएक्स' या अक्षरांपुढे त्याचा हार्डवेअर पत्ता जोडून बनते. आमची मांडणी जुन्याच नावाने होती. 'इंटरफेसेस' फाइलीत नवे नाव घातले, 'अलाऊ-हॉटप्लग'च्या ओळीतही तेच लिहिले, 'आयएफअप' आज्ञा दिली आणि दाखला रवाना झाला.

नोंदवहीतील नाव चुकले तर विवाह अडतो, हे आम्ही वर्षानुवर्षे इतरांना बजावत आलो. त्या दिवशी मात्र आलेल्याचे नाव न विचारताच आम्ही त्याच्यावर रागावलो होतो.