किल्ट नेसून बसावं कसं?

मैत्रिणींनो, एडिंबरोला कधी जाणं झालंच, तर किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता पायी चाला. ‘रॉयल माइल’ म्हणतात त्याला. दुतर्फा काळपट दगडांची उंच घरं, मधेच एखादा अरुंद बोळ, कोपऱ्यावर गाल फुगवून बॅगपाइप वाजवणारा एखादा बुवा, आणि दर चार दुकानांआड एक किल्टचं दुकान. यातला पुष्कळसा माल प्रवाशांसाठी असतो. कापड पातळ, निऱ्या थोड्या, भाव मात्र तोंडभर. तिकडे लक्ष देऊ नका. जिथे खरे किल्ट मापानं शिवतात आणि लग्नकार्यासाठी भाड्यानंही देतात, त्या दुकानात शिरा. लग्नसराईत तिथे नवरदेव, त्याचे भाऊ, मित्र, सासरे अशी सगळी पुरुषमंडळी आरशापुढे उभी असतात. आणि त्यांना धडा कसला द्यावा लागतो म्हणता? खुर्चीवर बसण्याचा!

हसू नका. आठ यार्डांचा प्रश्न आहे. आपली नऊवारी, त्यांचा आठवारी! हल्ली दुहेरी पन्ह्याचं चार यार्ड कापड घेऊन ते मधोमध कापतात आणि जोडून आठ करतात. कापड जाड लोकरीचं, रंगीत चौकड्यांच्या टार्टनचं. समोर दोन सपाट पदर एकावर एक येतात, वरचा उजव्या कमरेवर पट्ट्यानं अडकतो आणि उरलेलं सगळं कापड मागच्या निऱ्यांत जातं. निऱ्या हातानं घालायच्या, त्याही अशा की चौकडी मोडता कामा नये. किल्ट बेंबीपाशी घट्ट बसतो आणि गुडघ्याच्या वाटीवर संपतो. आपला काष्टा मागे खोचलेला, म्हणून नऊवारीत शेतात वाकता येतं, घोड्यावर बसता येतं. किल्टला काष्टा नाही. तेव्हा सगळी मदार बसणाऱ्यावर.

दुकानातली जाणती बाई नवख्याला शिकवते ते असं. खुर्चीकडे पाठ करा. पोटरीला खुर्ची लागली की थांबा. मग दोन्ही हातांची मागची बाजू कमरेखालून निऱ्यांवरून खाली फिरवत, निऱ्या सपाट धरून, सरळ बसा. धपकन नाही, आणि बसल्यावर सरकायचंही नाही. साडीच्या मागच्या चुण्या आपण बसताना नकळत सारख्या करतो ना, तीच लकब. ती चुकली तर लोकरीच्या जाड घड्या अंगाखाली दुमडतात आणि उठल्यावर मागे पंखा पसरल्यासारखं दिसतं. मग पुढची बाजू. कमरेला साखळीनं टांगलेला चामड्याचा बटवा असतो, त्याला स्पोरन म्हणतात. किल्टला खिसे नाहीत म्हणून तो आलेला. बसल्यावर तो मांड्यांच्या मधोमध सोडायचा, म्हणजे त्याच्या वजनानं पुढचा पदर गुडघ्यांमध्ये खाली बसतो आणि अब्रू राखतो. गुडघे जवळ, पावलं जमिनीवर. एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर टाकून बसण्याची पुरुषी सवय त्या दिवसापुरती विसरायची.

पुढच्या पदराला खाली उजवीकडे एक मोठी पिन असते. ती फक्त वरच्या पदरात टोचायची. दोन्ही पदर मिळून टोचले, तर बसताना कापड ताणतं आणि फाटतं. भाड्याचा किल्ट फाटला की भुर्दंड आलाच!

सगळ्यात वैरी म्हणजे खोल, मऊ सोफा. त्यात बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात आणि स्पोरन बिचारा काही करू शकत नाही. शहाणा माणूस सरळ पाठीची खुर्ची गाठतो. मोटारीत बसताना आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. लग्नाच्या फोटोत तर पहिल्या रांगेत बसलेल्यांनी विशेष जपायचं, कारण कॅमेरा समोर आणि बहुधा जरा खालीच असतो. ‘आत काय घालतात?’ हा प्रश्न तिथे थट्टेचाच झालाय. पण भाड्याची दुकानं आतले कपडे घालाच म्हणून बजावतात, आणि मला तेच पटतं.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. ‘नीट बस, गुडघे झाक’ हे आपण फ्रॉक घालायच्या वयापासून ऐकत आलो. तिशीतला दांडगा पुरुष ते पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याची आई मात्र कोपऱ्यात उभी राहून शांतपणे हसत असते.

पण वस्त्र थट्टेचं नव्हे हो. पूर्वी डोंगराळ भागातले पुरुष मोठं लांबरुंद लोकरी कापड चुण्या घालून कमरपट्ट्यानं गुंडाळत. दिवसा वस्त्र, रात्री पांघरूण. कमरेखालचा तेवढा किल्ट वेगळा झाला तो अठराव्या शतकात. १७४६ साली कलॉडनच्या लढाईत बंडखोर हरले आणि त्याच वर्षी सरकारनं कायदा करून पुरुषांना आणि मुलग्यांना हा पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी! सैन्यातल्यांना सूट होती, आणि बायकांचं नाव कायद्यात नव्हतंच. बंदी उठली १७८२ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी. एवढ्यात एक पिढी किल्टशिवाय वाढली. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि तिथे त्यानं स्वतःच किल्ट घातला, आखूड आणि आत गुलाबी घट्ट विजार! लोक हसले खरे, पण ज्या वस्त्रापायी माणसं तुरुंगात गेली ते दरबारी झालं. त्या समारंभाची सगळी मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांची.

तुमचा मुलगा किंवा जावई तिकडे असेल, तर मित्राच्या लग्नात त्याच्यावर ही वेळ यायची. परक्यानं घातला तर चालतो का, ही शंका नको. नीट घातला, तर यजमानांना आनंदच होतो. जेवणानंतर ‘केली’ नावाचा नाच असतो, त्यात जोड्या गरागरा फिरतात आणि निऱ्या छत्रीसारख्या उघडतात. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. बसण्याचे नियम नाचून आल्यावर पुन्हा सुरू!

किल्ट विकतचा असेल तर एवढं त्याला सांगून ठेवा: धुवायला पाण्यात घालू नकोस. इस्त्रीआधी निऱ्यांच्या तळाशी लांब टाके घालून घे, आणि ओलं फडकं ठेवूनच इस्त्री फिरव. बॅगेत नेताना घडी न घालता निऱ्यांच्या दिशेनं लांबट गुंडाळी कर आणि पाय कापलेल्या जुन्या लांब मोज्यात सरकव. उतरल्यावर निऱ्या तशाच्या तशा मिळतील.