डहाणू-तलासरीची वाट आणि स्कूटरचे चाक

डहाणू म्हटले की तुम्हा-आम्हाला आधी आठवतो तो चिकू. मग बोर्डीचा किनारा, सुरूची झाडे, चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा. मुंबईच्या मैत्रिणी लोकलने डहाणू रोडला उतरतात, रिक्षा करतात, दोन दिवस हवा खातात आणि चिकूची पिशवी घेऊन परत जातात. पण ज्यांना इथेच राहायचे, इथूनच रोज कामावर जायचे, त्यांचे डहाणू निराळे. शाळेतल्या बाई, उपकेंद्रातल्या सिस्टर, अंगणवाडीच्या ताई, बँकेतल्या मुली अशा कितीतरी जणींच्या हाती आता स्कूटर आली आहे. एस.टी.ची वाट बघत झाडाखाली तासभर उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे!

आज मी तुम्हाला याच स्कूटरवरून दोन तालुके फिरवणार आहे. आधी डहाणूहून बोर्डी, मग मागे येऊन चारोटी आणि महामार्गाने थेट तलासरी. मात्र वाटेत समुद्राकडे बघायचे ते स्कूटर उभी करून. चालवताना लक्ष हवे ते रस्त्यावर आणि आपल्या पुढच्या चाकावर.

चाकात काय बघायचे, असे म्हणाल. घरातलेच उदाहरण घ्या. बाळाचा पांगुळगाडा उंबरठ्याशी आला की अडतो. बाळ ढकलते, रडते, पण गाडा पुढे सरत नाही. बैलगाडी मात्र शेताच्या बांधावरून डुलत डुलत निघून जाते. बैलांचा जोर आहेच, पण चाक मोठे हेही कारण आहे. मोठे चाक उंचवट्यावर हळूहळू चढते, लहान चाक त्याला समोरून धडकते. खड्ड्याचेही तेच. बशी ज्या फटीवरून सरळ घरंगळत जाईल, त्या फटीत रुपया अडकून पडेल.

आता थोडे आकडे. घाबरू नका, शिवणाच्या मापांपेक्षा अवघड नाहीत. स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० असे काहीतरी लिहिलेले असते. यातले ९० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १०० म्हणजे रुंदीच्या शेकडा किती उंची ते, आणि शेवटचे १० म्हणजे ज्या लोखंडी रिमवर टायर बसतो तिचा व्यास इंचांत. म्हणजे ‘दहा इंची चाक’ टायरसकट भरते सुमारे ४३ सेंटिमीटर. बारा इंची चाक सुमारे ४७. घरातल्या पुरुषमंडळींच्या मोटरसायकलला बहुधा अठरा इंची चाक असते, ते भरते ६० च्या आसपास.

रस्त्यात फूटभर रुंदीचा, चांगला खोल खड्डा आहे असे समजा. गणित केले तर दहा इंची चाक त्यात सुमारे ६ सेंटिमीटर खाली जाते, बारा इंची साडेपाच आणि मोटरसायकलचे ४. पडल्यावर तितकेच वर चढायचे आहे, तेही लहान चाकाला जास्त उभ्या चढाने. म्हणून ज्या खड्ड्यावरून ‘हे’ शिट्टी वाजवत पुढे गेले, त्याच खड्ड्यात तुमच्या हातातले हँडल हिसका खाते. आणि मग ऐकायला मिळते, “बायकांना गाडी चालवायला जमतच नाही!” मैत्रिणींनो, पुढच्या वेळी हे तीन आकडे तोंडावर सांगा. निम्मे हिसके चाकाच्या मापाचे आहेत, चालवणारीचे नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग स्कूटरला मोठी चाके का लावत नाहीत? लावली तर आपल्याला जे हवे ते जाते, म्हणून. पाय ठेवायला सपाट जागा, बसताना पाय वर टाकावा लागू नये अशी बैठक, सीटखालची डिकी, हे सारे चाक लहान म्हणूनच जमते. साडी नेसूनही बसता येते ते त्यामुळेच. शिवाय लहान चाकाची गाडी पटकन वळते. डहाणूच्या बाजारात, स्टेशनबाहेर, रिक्षांच्या आणि मासळीच्या पाट्यांच्या मधून काढायला याहून सोयीचे वाहन नाही. हीच चपळाई वेग वाढला की अस्थिर वाटू लागते, ते आपण महामार्गावर पाहूच.

जुन्या वाचकांना चेतक आठवत असेल. १९७२ साली पुण्याहून बजाजची चेतक निघाली आणि कितीतरी वर्षे मध्यमवर्गाच्या घरापुढे तीच उभी असे. पुढे उभा मुलगा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटी. तिची दोन्ही चाके दहा इंची आणि अगदी सारखी, त्यामुळे एकच स्टेपनी पुढे-मागे कुठेही लागे. इंजिन मात्र उजव्या अंगाला, म्हणून गाडीचा तोल जरासा उजवीकडे. त्याच वर्षी आलेल्या लुनाची चाके तिच्याहून मोठी, तारांची, सायकलच्या वळणाची. मग १९८४ ची कायनेटिक होंडा आली, गिअर आणि किक दोन्हींची कटकट गेली आणि बायका खऱ्या अर्थाने पुढच्या सीटवर आल्या. चाक मात्र दहा इंचीच राहिले. २००१ मध्ये आलेल्या अॅक्टिव्हालाही दोन्हीकडे दहाच होते. २०२० च्या नव्या अॅक्टिव्हाला पुढचे चाक बारा इंची मिळाले, मागचे दहाच राहिले. २०१३ च्या ज्युपिटरला आणि २०२० मध्ये विजेवर आलेल्या नव्या चेतकला दोन्ही बारा.

पुढचेच आधी का मोठे केले? कारण गाडीला दिशा देते ते पुढचे चाक. मागचे आपटले तर कंबर दुखते. पुढचे आपटून वळले तर माणूस पडते. दुकानात आपल्याला रंग दाखवतात, डिकीत हेल्मेट मावते का ते दाखवतात. तुम्ही खाली वाकून पुढच्या टायरवरचा शेवटचा आकडा वाचा. दुकानदार चपापला तरी वाचा!

तर निघू या. नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीची वाट समुद्राच्या सोबतीने जाते. दोन्हीकडे वाड्या, चिकूची गर्द झाडे. २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव आता दुसऱ्या कोणी वापरायचे नाही. रस्ता सुंदर आहे, पण सुंदर रस्त्यांचीच भीती जास्त. वाऱ्याने उडालेली वाळू डांबरावर पातळ पसरते, वर सुरूच्या काड्या. लहान, अरुंद चाकाला अशा वेळी पकड थोडीच राहते. वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबलात तर चाक निसटते. वेग आधीच कमी करून, ब्रेक सोडून वळा. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सी.सी.पर्यंतच्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागेल अशी सोय सक्तीची झाली आहे. ती उपयोगी आहे, पण वाळूवर तिचाही भरवसा धरू नये. आणि किनाऱ्यावर स्कूटर नेऊन फोटो काढायची हौस? मोटारीचे टायर जिथे तरतात तिथे आपले चाक रुतते, खारे पाणी रिमला लागते ते वेगळेच.

याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अंगणवाडीची कल्पना इथे, आदिवासी मुलांच्या अंगणात रुजली. त्या काळी पाड्यावर जायचे ते बहुतेक पायी. आज त्याच पाड्यांवर जाणाऱ्या ताईंच्या स्कूटरच्या हुकाला हजेरीची वही आणि खाऊची पिशवी लटकलेली असते.

पिशवीवरून आठवले. डहाणूला परत येऊन आपण आशागड, गंजाडच्या बाजूने चारोटीकडे निघालो की ओझ्याचा प्रश्न येतो. (गंजाड म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचे गाव. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.) मागे चिकूची क्रेट बांधली आणि वर नणंदही डबलसीट बसली, तर सगळा भार मागच्या चाकावर जातो, पुढचे हलके होते आणि हँडल वळवळू लागते. आधीच लहान चाक, त्यात ते हलके! क्रेट मागच्या टोकाला बांधू नका, जड वस्तू शक्यतो पायांजवळ आणि मधोमध ठेवा, तीही पाय ठेवायला जागा उरेल इतकीच. मागे बसणारीने एका बाजूला पाय सोडण्याऐवजी दोन्हीकडे पाय टाकून बसावे, सलवार-कमीज असेल तर काहीच अवघड नाही. साडी असेल तर पदर कमरेला खोचायचाच. मागच्या चाकावरची जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती काहीजणी ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकतात. कायद्यानेही मागचे चाक निम्मे झाकलेले असायला हवे, शोभेचे राहू द्या.

या रस्त्यावर पावसात खड्डे पाण्याने भरतात आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतून चिखल डांबरावर येतो. डबक्याची खोली दिसत नाही, तेव्हा ते वाटीएवढे नसून घमेल्याएवढे आहे असेच धरून चाला. खड्डा चुकवता येत नसेल तर त्याच्या आधी ब्रेक दाबा आणि चाक आत पडायच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढचा भाग आधीच दबलेला असतो आणि धक्का पुरता अंगावर येतो. कोपरे सैल ठेवा, लाटणे धरतो तशी मूठ असावी, उखळातली मुसळ धरतो तशी नको.

चारोटीला महामार्ग लागतो, पूर्वीचा आठ नंबर, आता ४८. सूर्या नदी, मग विवळवेढ्याची महालक्ष्मी, आणि पुढे नोव्हेंबर २०१८ पासूनच्या भूकंपाच्या धक्क्यांनी वर्तमानपत्रांत गाजलेला धुंदलवाडीचा परिसर. इथे आपली स्कूटर पाहुणी आहे. रस्ता मुंबई-अहमदाबादच्या ट्रकांचा. ट्रक शेजारून गेला की आधी वारा ढकलतो आणि मग ओढतो. जड, मोठ्या चाकाची गाडी तेवढ्याने हलत नाही, आपली हलते. घाबरून हँडल घट्ट धरले की ती जास्तच डुलते.

खड्ड्यापेक्षाही वाईट गोष्ट इथे आहे, ती रस्त्याला समांतर जाणारा काठ. काँक्रीट आणि डांबर यांची पातळी जुळत नाही तिथे, किंवा रस्ता संपून साईडपट्टी लागते तिथे, दोन-तीन बोटांची पायरी तयार होते. ट्रकला वाट देण्यासाठी आपण खाली उतरतो आणि मग तिरके तिरके वर यायला बघतो. लहान चाक त्या काठाला चढत नाही, घासत घासत सरकते आणि गाडी आडवी होते. एकदा खाली उतरलात तर घाई नको. वेग अगदी कमी करा, मागे बघा, मोकळीक मिळाली की काठाला होईल तितके समोरून भिडून वर या. पुलाचे सांधे आणि रेल्वेचे रूळही असेच काटकोनात ओलांडायचे. वेगाचे म्हणाल तर या रस्त्यावर स्कूटर पन्नासच्या आत बरी.

तलासरी आले की टायरच्या दुकानापाशी थांबू. कोणी म्हणेल, “ताई, जाड टायर टाका, पकड वाढेल.” टाकू नका. जाड टायर मडगार्डला घासू शकतो, गाडी वळायला जड होते आणि वेगाचा काटाही चुकतो. गाडीला जे माप ठरवून दिले आहे तेच घ्यावे. टायर गोटा झाला असेल तर मात्र चालढकल नको. लहान चाकाला एका किलोमीटरमध्ये जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून तो झिजतोही लवकर. नवा घेताना बाजूवर छापलेले चार अंक वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतोच की!

आणि हवा. लहान टायरात हवा मुळातच थोडी, त्यामुळे जराशी गळतीही लगेच जाणवते. बऱ्याच दहा-बारा इंची स्कूटरींना पुढे २२, मागे एकटीला २९ आणि दोघींना ३६ च्या आसपास हवा सांगितलेली असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. दहा-पंधरा किलोमीटर पळून तापलेल्या टायरात काटा जास्त दाखवतो आणि आपल्याला वाटते, पुरेशी आहे. ट्यूबलेस टायरात खिळा गेला तर हवा बहुधा हळूहळू जाते, रस्त्याकडेला थांबायला वेळ मिळतो. खिळा तिथेच उपटून काढू नका, दुकानापर्यंत तसाच जाऊ द्या. चेतकसारखी स्टेपनी आता बहुतेक स्कूटरींना नसते.

पुढे उधव्याकडे वळायचे असेल तर हे सगळे तलासरीतच उरकून घ्या. आतल्या वाटेवर घरे लांब लांब, चढउतार आहेत, आणि दिवस मावळला की खड्डा आणि सावली एकसारखीच दिसते.