रात्रीच ठरव

कल्याण,
जूनचा पहिला आठवडा

चि. बाळ,



ठाण्याच्या इस्पितळात तुला नर्सची नोकरी लागली आणि तू किन्हवलीहूनच जाऊन-येऊन करणार, असं ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पण आता पावसाचे चार महिने “उद्या जाऊ की नको” हा प्रश्न तुझ्या उशाशी असणार. मी त्याच वाटेनं नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहाटे उठून आभाळ बघायचं आणि मग ठरवायचं, ही आपल्याकडची रीत. ती सोडून दे. किन्हवलीतून कामावर जायला दोन वाटा आहेत. एक शहापूरवरून आसनगाव स्टेशनला जाते, तिच्यावर सापगावला भातसा नदी आडवी येते. दुसरी सरळगाव-मुरबाडवरून कल्याणला, तिच्यावर रायत्याला उल्हास. मुंबईच्या सातही तलावांत मिळून जेवढं पाणी मावतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणात असतं. धरण भरत आलं की दरवाजे उघडतात आणि पाणी खाली सापगावकडे सुटतं. दरवाजे कधी उघडणार, हे वर डोंगरात किती कोसळलं यावर ठरतं. त्यामुळे ऑगस्टात तुमच्या अंगणात ऊन पडलेलं असतानाही सापगावचा पूल बंद होऊ शकतो. सकाळी गेलीस म्हणजे संध्याकाळी परतशीलच, हे त्या दिवसांत धरून चालायचं नाही.

पाणी ओसरल्यावर कधी पुलावरून जाशील तेव्हा कठड्याकडे नीट बघ. पेंढा, निरगुडीच्या फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी कुंपणाची तार, सगळं एकात एक गुंतून अडकलेलं असतं. ते किती उंचीवर आहे त्यावरून रात्री पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. पूल उभा दिसला म्हणजे रस्ता शाबूत आहे असंही नाही. जुलै 2021 मध्ये रायत्याच्या पुलाचा जोडरस्ताच वाहून गेला. पाण्याखालच्या रस्त्यावर जीपवाला “बसा, काढतो” म्हणाला तरी बसायचं नाही. ही माझी तुला शपथ आहे.

रेल्वेचंही तसंच. 7 जुलै 2024 ला आटगाव आणि थानशीतच्या मध्ये रुळांवर माती आली, वाशिंदजवळ झाड पडलं, आणि टिटवाळा ते कसारा गाड्या बंद झाल्या. रविवार होता म्हणून बरं. मग आधी कळायचं कसं? हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाची शक्यता. पण तो रंग अख्ख्या ठाणे जिल्ह्याला एकच असतो, मीरा-भाईंदरच्या खाडीपासून माळशेजच्या कड्यापर्यंत. म्हणून रंग बघ, आणि त्यासोबत भातसाचे दरवाजे उघडलेत का तेही विचार.

सुट्टीच्या घोषणेची वाट बघत बसू नकोस. 19 ऑगस्ट 2025 ला मुंबईत सरकारी कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली ती त्याच दिवशी सकाळी. किन्हवलीचा माणूस तोवर लोकलमध्ये असतो. शिवाय नर्सला ती सुट्टी लागूच नाही. आदल्या दिवशी सांगता येत नाही असं मुळीच नाही. अमेरिकेत बॉस्टनला 2015 च्या फेब्रुवारीत इतका बर्फ पडला की तिथल्या लोकल आणि मेट्रो 10 तारखेला पूर्ण दिवस बंद ठेवल्या. पण हे त्यांनी 9 तारखेलाच जाहीर केलं होतं. आपल्याकडे आदल्या दिवशी सांगायची ती शिस्त अजून शाळांपुरतीच आहे, कार्यालयांपर्यंत आलेली नाही. किती माणसं उगाच भिजतात, अडकतात, जीव धोक्यात घालतात! मला याचा फार राग येतो.

तुझं काम असं की तू पोचली नाहीस तर रात्रपाळीची बाई घरी जाऊ शकत नाही. सोळा-सोळा तास उभी राहते ती. म्हणून तुझा निर्णय रात्रीच व्हायला हवा. येणार नसशील तर रात्री आठच्या आत वॉर्डात कळव, म्हणजे जवळ राहणारी कुणीतरी मिळते. जायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी उजेडात निघ आणि माझ्याकडे कल्याणला मुक्काम कर. इथून ठाण्याला रेल्वेचे सहा मार्ग आहेत, काहीतरी चालू असतं. पहाटे अंधारात पाण्यातून निघणं हा तिसरा पर्याय तुझ्यापुढे नाहीच, असं समज.

काही दिवस ठरवून ठरत नाहीत. 26 जुलै 2005 ची सकाळ अगदी नेहमीसारखी होती. दुपारनंतर आभाळ फाटलं आणि सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही बायका रात्रभर कार्यालयातच राहिलो. पहाटे मधुमेहाच्या गोळ्या नव्हत्या म्हणून एकीचे हाल झाले, ते मी अजून विसरले नाही. तेव्हा इस्पितळात कपड्यांचा एक जोड, कोरडी चप्पल आणि चार दिवसांचं औषध कायम ठेव. ताईला सांगून ठेव, की फोन लागला नाही तर तू वॉर्डातच आहेस असं समजायचं.

तुमच्या मेट्रनबाईंशी हे सगळं जून सरायच्या आत बोलून घे. पावसात फोनवरून मागितलेली रजा बहाणा वाटते, आधी बसून सांगितलेली अडचण त्यांनाही पटते. ड्युटीचा तक्ता हातात आला की मला पाठव, म्हणजे कोणत्या रात्री तुझा मुक्काम इथे हे मला कळेल.

तुझी,
मावशी